गुडघेदुखी आणि मांडीची मोठी बांधणी



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खताचे हप्ते आणि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेला विषय गुडघ्याचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने गुडघ्यावर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. आम्हालाही तसेच वाटले असते. परंतु गेल्या आषाढात आडसालीच्या नोंदी घेत चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या महाळुंग्यात गेलो असता एका जुन्या सभासदांच्या ओसरीवर जे ऐकले, त्यावरून हा विषय आमच्याच खात्याचा आहे अशी खात्री पटली.

त्यांना सगळे तात्या म्हणतात, आम्हीही तसेच म्हणू. साठी उलटलेली. जमीन होती त्यातली बरीचशी औद्योगिक वसाहतीत आणि रस्त्यात गेली, दीड एकर उरली. दोन्ही मुले कंपनीत, एकाची पहिली पाळी तर दुसऱ्याची तिसरी. आम्ही नोंदवही उघडली तसे तात्या म्हणाले, "साहेब, औंदा नोंद घालू नका. लागण नाही."

आम्ही विचारले, पाण्याची अडचण आहे का? नाही. बेणे मिळत नाही? तेही नाही. बिलाची काही तक्रार? हसले. मग म्हणाले, "वीज येती रात्रीची. पोरं पाळीला. दारं धरायला मीच. बांधावरनं उतरताना ह्यो उजवा गुडघा दगा देतो. मागल्या हिवाळ्यात दोनदा पाटात पडलो. आता जमिनीचा एजंट दर आठवड्याला येतोय, बघू."

आतून मावशींचा आवाज आला, "ह्यांचं बरं हाय, ह्यांचा एकच दुखतो. माझं दोन्ही."

दरवर्षी आपल्याकडे उसाचे क्षेत्र का घटले याचा अहवाल आम्ही लिहितो. त्यात कंपन्या, जमिनीचे भाव, मजुरांची टंचाई, पाऊस, सगळे येते. ते खोटे नाही. परंतु बावीस वर्षांच्या नोकरीत "सभासदाचा गुडघा" असे कारण आम्ही एकदाही लिहिलेले नाही. त्या दिवशी परतताना मनाशी मोजू लागलो, तर त्या एकाच शिवारात अशी चार घरे आठवली.

हे दुखणे आपल्याच भागात किती आहे याची मोजदाद झालेली आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाखाली भिगवण गावात घरोघर पाहणी केली. भिगवण म्हणजे इंदापूर तालुका, उजनीच्या पाण्याकाठचा उसाचाच मुलूख. चार हजारांवर प्रौढ माणसे पाहिली, त्यांत शेकडा सुमारे १८ जणांना सांधे, कंबर, मान, स्नायू यांची काही ना काही तक्रार निघाली, आणि जास्त दुखणाऱ्या जागांत गुडघा होता. आता आपली कामे बघा. टिपरीची लागण वाकून, खुरपणी उकिडवे बसून, वैरणीचा भारा डोक्यावर. तोडणी मजूर तर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. चीनमध्ये बीजिंग शहरातल्या वृद्धांची पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसण्याची सवय असलेल्यांत पुढे गुडघ्याचा संधिवात जास्त आढळला. आमच्या बायाबापड्या खुरपणीला सकाळी बसतात त्या न्याहारीला उठतात. मावशींचे दोन्ही का दुखतात, हे यात आले.

आता थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे, नाहीतर "साहेब पुस्तकातले सांगतात" असे होईल. चार वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून उतरताना आमच्या डाव्या गुडघ्यात कळ येऊ लागली. आम्ही दुर्लक्ष केले. मग तेल झाले, मग पट्टा झाला. मग एका दवाखान्यात गुडघ्यात सुई घेतली. तीन महिने स्वर्ग. पुन्हा दुखू लागले, पुन्हा सुई. दुसऱ्या सुईचा गुण दीड महिना टिकला. तिसरी मागायला गेलो नाही, याला शहाणपण कारण नव्हते, गळिताचा हंगाम चालू होता म्हणून सवड झाली नाही. पुढे वाचनात आले की अमेरिकेत १४० रुग्णांवर दोन वर्षे प्रयोग झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दर तीन महिन्यांनी स्टेरॉइडची सुई, निम्म्यांना नुसत्या मीठपाण्याची. दोन वर्षांनी दुखणे दोघांचे सारखेच, आणि स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा मात्र जास्त पातळ झालेली. फार दुखत असता डॉक्टर एखादी सुई देतात ती थोडे दिवस आराम पडावा म्हणून, आणि तेवढ्यापुरती ती ठीक आहे. आम्ही तिलाच उपचार समजून बसलो, ही चूक आमची.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी गुडघ्याला हात लावण्याआधी टेप काढली आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक. आम्ही आयुष्यभर उसाची जाडी मोजत आलो, स्वतःच्या मांडीकडे कधी पाहिले नव्हते. मग त्यांनी खुर्चीवर बसवले, हात छातीशी बांधायला लावले आणि म्हणाल्या, "अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता-बसता ते बघू." आठ वेळा. नवव्याला हात टेकला. वय वर्षे त्रेचाळीस!

त्यांनी जे समजावले ते आमच्या भाषेत असे. गुडघा म्हणजे मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढची वाटी यांचा सांधा. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा. सपाटीवर चालताना या सांध्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार पडतो, जिना किंवा डोंगर उतरताना त्याहून जास्त. हा भार झेलण्याचे बरेचसे काम मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूचे आहे. तो चार भागांचा असतो आणि वाटीवरून खाली नडगीला घट्ट बांधलेला असतो. गुडघा दुखला की माणूस तो पाय वाचवून चालतो. वाचवलेल्या पायाचा स्नायू दोन-चार आठवड्यांत उतरू लागतो. स्नायू उतरला की धक्का थेट सांध्यावर. मग आणखी दुखते, आणखी वाचवतो. उसाला मोठी बांधणी केली नाही आणि वारे सुटले की काय होते हे सभासदांना सांगायला नको. ऊस वाईट नसतो, बुडाला भर नसते. गुडघा दगा देतो म्हणून जे तात्या म्हणाले, त्यात पुष्कळदा गुडघ्याचा दोष थोडा आणि मांडीचा जास्त असतो.

पण लोकांच्या मनात एक शब्द बसलाय, "झीज". फोटो काढला, झीज सांगितली, की माणूस बैलगाडीच्या आखाचा हिशोब करतो. जेवढा चालवू तेवढा झिजेल, तर उभा करून ठेवावा. आख लोखंडाचा असतो, त्याला हे लागू आहे. कूर्चा जिवंत आहे. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळते. हालचाल थांबवली की तिचे पाणी तोडल्यासारखे होते. म्हणून इंग्लंडच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२२ साली जे नियम केले, त्यांत या झिजेच्या संधिवाताला पहिला उपचार म्हणून सर्वांना व्यायाम सांगितला आहे. सुरुवातीला थोडे जास्त दुखेल, तरी नेमाने केल्यास पुढे गुण येतो, असेही त्यांनी लिहिले आहे. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आणि गुडघ्यात भरायचे महागडे जेलचे इंजेक्शन देऊ नये, असे त्याच नियमांत आहे. ऊसबिल जमा झाले की ज्या गोष्टींवर पैसे जातात, त्यांत या दोन्ही आम्ही पाहिल्या आहेत.

आता प्रत्यक्ष व्यायाम. पण त्याआधी एक गाळणी. गुडघा लाल, गरम, टम्म सुजलेला आणि अंगात ताप. पडल्या-मुरगळल्यानंतर पायावर भार टाकता येत नाही. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नाही. पोटरी सुजून दुखते. रात्री झोपेतही ठणका थांबत नाही. किंवा हातापायाचे पुष्कळ सांधे सकाळी तासभर आखडलेले असतात. असे काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर. ही दुखणी वेगळी आहेत, त्यांना वेगळी औषधे आहेत. तात्या आणि मावशींनाही आम्ही आधी चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून या म्हणून सांगितले. झिजेचेच आहे असे कळल्यावर मग ओसरीवर वर्ग भरला.

पहिले दोन प्रकार बाजेवर किंवा सतरंजीवर. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडी दगडासारखी घट्ट झाली पाहिजे. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. दुसऱ्यात उताणे झोपून एक पाय गुडघ्यात वाकवून ठेवायचा, दुसरा सरळ ताठ ठेवून हातभर वर उचलायचा, पाच मोजायचे आणि सावकाश खाली आणायचा. धाडकन टाकायचा नाही. उतरवतानाच खरे काम होते. हे दोन्ही रोज केले तरी चालतात आणि फार दुखणाऱ्या गुडघ्यालाही सोसतात. श्वास रोखू नये, मोठ्याने आकडे मोजले की तो आपोआप चालू राहतो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालून सुरू करावे.

आठवड्याभराने खुर्चीवर या. बसून एक पाय समोर सरळ करायचा, पाच मोजून सावकाश खाली. सोपे वाटू लागले की घोट्यावर वजन. त्यासाठी दुकानात जाण्याची गरज नाही. जुन्या लुगड्याची पिशवी शिवून त्यात अर्धा किलो वाळू भरा, पुढे एक किलो. फार जड वजनाच्या मागे लागू नये. इथे फड जिंकायचा नाही.

आणि मग तो उठण्या-बसण्याचा प्रकार. आमच्या मते सगळ्यांत शेतकऱ्याच्या उपयोगाचा हाच. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर प्लॅस्टिकची खुर्ची सटकते. पावले खुर्चीच्या थोडी आत, एक वीत अंतरावर. हात छातीशी. पुढे झुका, उभे राहा. आता बसताना तीन आकडे मोजत बसा, शेवटी धप्पकन पडू नका. गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नका, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा. मावशींना पहिल्या दिवशी हात न टेकता एकदाही उठता आले नाही. तेव्हा खुर्चीवर दोन गोधड्या घडी करून ठेवल्या. बैठक उंच झाली आणि त्या उठल्या. दोन आठवड्यांनी एक गोधडी काढली, पुढे दुसरी. आठ ते बारा वेळा, मध्ये मिनिटभर विसावा, असे दोन-तीन फेरे, दिवसाआड. स्नायूला भरण्यासाठी मधला दिवस लागतो. रोज पाणी दिले म्हणून ऊस रोज कांडे धरत नाही.

याच्या जोडीला दाराची चौकट धरून टाचा उचलणे आणि आडवे झोपून वरचा पाय बाजूला उचलणे हे दोन करावेत. पहिल्याने पोटरी, दुसऱ्याने कंबरेची बाजू भरते आणि चालताना पाय डगमगत नाही. पुढे एका पायरीवर चढणे-उतरणे. तालमीत गेलेले जुने सभासद आम्हाला विचारतात, बैठका मारल्या तर? पूर्ण बैठक तरुण, निरोगी गुडघ्याला उत्तम आहे. दुखऱ्या गुडघ्याला पाठ भिंतीला टेकवून चौथाई, फार तर अर्धी बैठक पुरे. खाली टाचेवर बसण्याची घाई नको.

दुखले तर किती सोसावे, हा खरा प्रश्न. याला आम्ही पैसेवारीची पद्धत काढली. पिकाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की पूर्वी दुष्काळ धरत. इथे उलटे. सर्वांत वाईट दुखणे रुपया धरा. व्यायाम करताना ५० पैशांच्या आत दुखत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ जागी येत असेल, तर चालू ठेवा. त्यावर गेले किंवा सकाळी सूज दिसली, तर बंद करू नका, वजन आणि फेरे कमी करा. आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. रुपयाचे सगळे पैसे उतरतील असे कोणी सांगू नये. झीज भरून येत नाही. काहींना पुष्कळ आराम पडतो, काहींना थोडाच. परंतु बांधावरून उतरताना पाय विश्वासाचा होणे, हेही आम्ही उत्पन्नच धरतो.

वजनाचे थोडक्यात. अंगावरचे एक किलो उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो, असे २००५ साली अमेरिकेत मोजून दाखवले आहे. चहातल्या साखरेविषयी कारखान्याच्या माणसाने काय बोलावे! पण बोलतो, दिवसाचे आठ कप तीनावर आणा.

कामाच्या पद्धतीतही बदल करता येतो. खुरपणीला पाट किंवा बुटके स्टूल घ्या, अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला. दोन सरींत अंतर असेल तिथे उभ्याने चालणारे सायकल कोळपे वापरा. आणि खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत पसरा, हे आम्ही गुडघ्याच्या लेखातही सांगणारच. पाचटाच्या आच्छादनाखाली तण कमी उगवते आणि मावशींचे खुरपणीचे दिवस वाचतात. ठिबक असेल तर रात्री पाटात उतरणेच टळते.

कोणी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, सरळ वाटी बदलून टाकू. (वाटी बदलत नाहीत, सांध्याचे पृष्ठभाग बदलतात, पण शब्द रुळला आहे.) ज्यांचा सांधा पुरता गेला आहे त्यांना शस्त्रक्रिया वरदानच आहे. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर २००० साली आणि उजव्यावर २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली, ते पुष्कळांना आठवत असेल. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी आपल्या लोकांच्या बांध्याला जुळणारा आणि स्वस्त असा 'इंडस' नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला. सरकारनेही ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमी वापरला जाणारा प्रकार सरासरी दीड लाखाच्या वर होता, तो कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. अर्थात ही किंमत नुसत्या गुडघ्याची, दवाखान्याचे बिल वेगळे. पण शस्त्रक्रियेनंतरही दुसऱ्या दिवसापासून हेच मांडीचे व्यायाम करावे लागतात, आणि आधीपासून केलेल्याला ते जड जात नाहीत. म्हणजे यातून सुटका कोणत्याच वाटेने नाही.

आपल्या भागातले पुष्कळ सभासद वारीला जातात. देहूहून पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, आळंदीहून अष्टमीला. आदल्या दिवशी पट्टा विकत घेऊन दिवे घाट चढणारे आम्ही दरसाल पाहतो. त्यांनी चैत्र पाडव्याला सुरुवात केली, तर हातात अकरा-बारा आठवडे असतात. भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन-येऊन बघावे. चढताना छाती परीक्षा घेते, उतरताना मांडी.

तात्यांचे काय झाले, ते सांगतो. चौथ्या आठवड्यात दुखणे वाढले म्हणून त्यांनी सगळे सोडून दिले आणि तीन आठवडे आम्हाला टाळले. मावशींनी सोडले नाही. त्यांनी सकाळी चूल पेटवायच्या आधी आणि रात्री मालिका बघताना असा नेम धरला. त्यांना बघून लाजेने म्हणा, तात्या पुन्हा खुर्चीवर आले. आमचे स्वतःचे अर्ध्या मिनिटाचे आठ होते ते तीन महिन्यांनी चौदा झाले. मांडीत अजून एक सेंटिमीटरचा फरक आहे.

कार्तिकात पूर्वहंगामी लागणीची नोंद घ्यायला गेलो, तेव्हा तात्यांनी एक एकर घातले. धाकट्याने रात्रीच्या पाळीचे दोन दिवस पाण्यासाठी बदलून घेतले आहेत, बाकीचे तात्याच बघतात, हातात काठी असते. उरलेल्या वीस गुंठ्यांविषयी ते अजून काही बोलत नाहीत. एजंट अजून येतो. मावशी त्याला चहा देतात, आणि रिकामी कपबशी दोन्ही हातांत घेऊन बाजेवरून उठतात, हात न टेकता.